कोळशातील वायू : ‘स्फोट’ आणि ‘उद्रेक’

मुलताईजवळ उगम पावलेली वर्धा नदी मोर्शी तालुक्यातून खाली उतरते, तेव्हा तिच्या परिसरात काळी माती व संत्र्यांच्या बागा असतात. वर्धा खोऱ्यातील कोळसा म्हणून जो ओळखला जातो, तो पुष्कळ दक्षिणेस, वणी, वरोरा, बल्लारपूर या भागात सापडतो. तेथील खाणी तुलनेने उथळ असून त्यांतील बहुतेक पहिल्या वायुश्रेणीत मोडतात. म्हणजे काढलेल्या कोळशाच्या टनामागे तेथे 1 घनमीटरहून अधिक ज्वालाग्राही वायू निघत नाही. यामुळेच की काय, खोल खाणींतील एका निराळ्या संकटास मराठीत स्वतंत्र नाव रूढ झालेले नाही. वृत्तपत्रांतून दोहोंनाही ‘स्फोट’ म्हणण्याचा प्रघात आहे.

स्फोट ही ज्वलनाची क्रिया होय. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्के असताना ठिणगी पडली, की तो होतो. 1958 च्या फेब्रुवारीत बंगालमधील चिनाकुरी खाणीत पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, ती अशा स्फोटाने. उद्रेकास मात्र ठिणगी लागत नाही. कोळशाची भिंत एकाएकी फुटते आणि भुकटी झालेला कोळसा व वायू यांचा लोंढा बोगद्यात घुसतो. 1969 साली दोनेत्स खोऱ्यातील गागारिन खाणीत असा सुमारे 14,000 टन कोळसा बाहेर फेकला गेला.

हा वायू येतो कोठून? पोकळीत कोंडलेला वायू ही सर्वसामान्य कल्पना येथे अपुरी पडते. कोळशात अतिसूक्ष्म रंध्रांचे जाळे असते आणि मिथेनचा बराचसा भाग त्यांच्या अंतःपृष्ठास चिकटून राहतो. यास ‘अधिशोषण’ म्हणतात. साध्या ‘शोषणा’त द्रव्य आत मुरते, येथे ते पृष्ठभागावर धरले जाते, तेव्हा ‘अधि’ हा उपसर्ग केवळ शोभेचा नव्हे. खोलीबरोबर दाब वाढतो व धारण केलेला वायूही वाढतो. भिंत पुढे खोदली जाताच तिच्यावरील आधार सुटतो, खडकाच्या भाराने कोळसा तडकतो, दाब उतरतो आणि चिकटलेला वायू मोकळा होऊ लागतो. जिनिंग-प्रेसिंगमधील गाठीच्या पट्ट्या तोडताच रुई फुगते, त्याची येथे आठवण व्हावी. मात्र रुई फुगून थांबते, कोळसा थांबत नाही. तो जितका बारीक फुटेल तितका वायू वेगाने सुटतो, आणि सुटलेला वायू पुढचा थर फोडतो. भूस्तरभ्रंशाजवळचा चुरलेला, दुबळा कोळसा यास विशेष बळी पडतो. मागे उरते ती बहुधा अरुंद तोंडाची, आत रुंदावत गेलेली पोकळी.

दोन्ही संकटे एकामागून एक येऊ शकतात, हे जपानमधील युबारीने दाखविले. 16 ऑक्टोबर 1981 रोजी तेथे प्रथम उद्रेक झाला, मागाहून आग लागली. आत बेपत्ता माणसे असतानाच अखेरीस खाणीत पाणी सोडावे लागले. मृतांची संख्या 93 झाली.

म्हणून शब्दांची गल्लत येथे निरुपद्रवी नाही. ठिणगी टाळणे, वायुवीजन राखणे हे स्फोटावरील उपाय. उद्रेक त्यांनी रोखला जात नाही. त्यासाठी भिंतीत आगाऊ लांब छिद्रे पाडून वायू काढून घ्यावा लागतो, किंवा शेजारचा कमी धोक्याचा थर आधी खणून मुख्य थरावरील ताण उतरवावा लागतो. वायुश्रेणीवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. ती निघालेला वायू मोजते, कोळशाने धरून ठेवलेला नव्हे.