आई-बाबांचं ग्रीन कार्ड : पहिली पाच वर्षं

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या, २१ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. त्याला वार्षिक कोटा नाही. हे मागे बोललोच आहोत.

खरी अडचण पुढे आहे. वय ६५ झालं की मेडिकेअर मिळतं, असं आम्हीही धरून चाललो होतो. तसं नाही, मंडळी! ग्रीन कार्डवर आलेल्यांना सलग ५ वर्षं तिथे राहिल्यावरच ते विकत घेता येतं. मग मधल्या काळाचं काय? प्रवासविमा बहुधा जुना मधुमेह, रक्तदाब वगळतो. मार्केटप्लेसच्या विम्यात जुन्या आजारावरून नकार देता येत नाही. हप्ता मात्र आधी काढून बघा, आणि तो कोण भरणार हे आई-बाबांसमोरच बोला. आपल्याकडे नेमकं हेच टाळतात.

पुण्याचा फ्लॅटही लगेच विकू नका. पहिल्या हिवाळ्यात, गाडी चालवता येत नसताना, बाबांना परत यावंसं वाटू शकतं. येऊ द्या की. पण वर्षाहून जास्त राहायचं असेल, तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, रीएंट्री परमिटचा अर्ज करायचा. भारतात पोचल्यावर तो करता येत नाही.