छोट्या हत्तीचे ओझे

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तेथून टोमॅटोने भरलेल्या गाड्या दूरदूरच्या शहरांकडे निघतात. कल्याणकडे जाणारी वाट आळेफाटा, ओतूर अशी गावे घेत माळशेज घाटातून कोकणात उतरते. या वाटेवर मोठ्या ट्रकांबरोबर चार चाकांचे लहानसे टेम्पोही धावत असतात. लोक त्यांना कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हणतात. टाटा एस ही या नावाने ओळखली जाणारी गाडी 2005 साली बाजारात आली. दोन सिलिंडरांचे लहान डिझेल इंजिन, मागे उघडा हौदा आणि पाऊण टन म्हणजे 750 किलो माल वाहण्याची शक्ती, असे तिचे मूळ रूप होते.

या गाडीचे स्वतःचे वजन आठशे किलोंच्या आसपास असते. म्हणजे पूर्ण माल भरला, की तिचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मोठ्या मोटारीत एखादा प्रवासी अधिक बसला तर फारसा फरक पडत नाही. छोट्या टेम्पोची गोष्ट मात्र निराळी आहे. रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो या चालकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्याच होत.

ओझ्याचा पहिला परिणाम गाडी सुरू करतानाच जाणवतो. जड वस्तूला गती देण्यास अधिक जोर लागतो. म्हणून भरलेली गाडी सावकाश वेग घेते, चढावर खालच्या गिअरमध्ये चालवावी लागते आणि डिझेल अधिक खाते. परंतु जी वस्तू हलविण्यास कठीण, ती थांबविण्यासही तितकीच कठीण असते. वजन दुप्पट झाले असता चालकाने ब्रेकवर पूर्वीइतकाच जोर दिला, तर गाडी सुमारे दुप्पट अंतर पुढे जाऊन थांबते. वेगाचा परिणाम याहूनही मोठा आहे. वेग दुप्पट झाला, की गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा चौपट होते. वजन दुप्पट आणि वेगही दुप्पट झाला, तर ती आठपट होते! गाडी थांबविताना ही सारी ऊर्जा ब्रेक घर्षणाने उष्णतेत बदलतात.

नारायणगावचा टेम्पो घाट चढतो तो बहुधा परतताना, हौदा रिकामा असताना. भरलेला असताना तो घाट उतरतो. त्यामुळे खरी कसोटी इंजिनाची नसून ब्रेकची असते. दीड टनाची गाडी सारख्या वेगाने 100 मीटर उंची उतरली, तर जवळजवळ पाच लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ही सर्व उष्णता ब्रेकवर पडली तर ते अतिशय तापतात, त्यांची पकड ढिली पडते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी आवरत नाही. म्हणूनच जाणते चालक सांगतात, “ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.” खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरील ताण हलका होतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून गाडी सोडून देणे हे चार पैशांसाठी प्राण पणास लावण्यासारखे आहे.

ओझे किती आहे याप्रमाणेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे असते. सारा माल हौद्याच्या मागच्या टोकाला रचला, तर पुढच्या चाकांवरील भार कमी होतो आणि गाडी नीट वळत नाही. क्रेटची उतरंड फार उंच झाली, तर वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. उलट, हौदा अगदी रिकामा असेल, तर मागच्या चाकांवर पुरेसा भार नसल्याने ओल्या रस्त्यावर ती घसरू शकतात. माळशेजच्या पावसात आणि धुक्यात म्हणूनच रिकामी गाडीही जपून चालवावी लागते.

गाडीची निगा राखतानाही वजनाचा विचार करावा लागतो. सर्व भार अखेर टायरमधील हवेवर तोललेला असतो. हवा कमी असेल तर टायरच्या बाजू प्रत्येक फेरीत अधिक वाकतात, तापतात आणि एखादे वेळी फुटतातही. यासाठी टायर थंड असतानाच हवा तपासावी, आणि ती मालाच्या मानाने गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकी भरावी. खड्ड्यांचे धक्के सोसणारे पाटे, चाकांची बेअरिंगे, क्लच, ब्रेक हे सर्वच भाग ओझ्याच्या प्रमाणात झिजतात. नेहमी जड माल वाहणाऱ्या गाडीची तपासणी म्हणूनच अधिक वेळा करावी लागते.

आता क्रेटचा हिशेब पाहा. एका क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो आणि रिकाम्या क्रेटचे वजन 2 किलो धरले, तर 34 क्रेटचे 748 किलो होतात. मर्यादा येथेच संपते. गाडीच्या नोंदणीपत्रात जे एकूण वजन लिहिलेले असते, त्यात गाडी, माल आणि माणसे यांचा समावेश होतो. हौद्यात जागा उरली, म्हणून पन्नास क्रेट भरता येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जादा माल वाहणाऱ्यास 20,000 रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनामागे आणखी 2,000 रुपये. जादा माल उतरविल्याशिवाय गाडीला पुढेही जाता येत नाही.

शेतकरी बैलगाडी भरताना गाडीतील जागेकडे पाहत नाही. तो बैलांकडे पाहतो. ओझे फार झाले, तर बैल धापा टाकतो, पाय रोवून उभा राहतो, आणि धन्याला त्याचे दुःख कळते. यंत्राला वाचा नाही. पाटे वाकले, ब्रेक तापले, तरी ते मुकाट्याने चालत राहते, आणि ज्या वळणावर थांबायला हवे, नेमके तेथेच थांबत नाही. त्या वळणापलीकडे शाळेतून घरी परतणारी मुले असतील, किंवा दुसऱ्या गाडीत बसलेले एखादे कुटुंब असेल. म्हणून बैलाने जी सूचना दिली असती, ती चालकाने स्वतःलाच द्यावयाची असते, आणि तीही घाटात नव्हे, तर बाजारात शेवटचा क्रेट उचलण्यापूर्वी.