‘नो एडिट’ म्हणजे नक्की काय? आजीचं गोंदण आणि माझा फोन

आजचा विषय फोटोग्राफीचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

मी दिवसभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी फोटो काढतो. कुठला क्लास केलेला नाही. एका गोष्टीचा मात्र मला भारी अभिमान होता. माझे फोटो ‘नो एडिट’ असायचे. फिल्टर नाही, ॲप नाही, जे दिसलं ते काढलं. मागच्या दिवाळीत गावी गेलो, सातारा जिल्ह्यात. संध्याकाळी स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटच्या उजेडात आजीचा क्लोजअप घेतला. स्क्रीनवर एकदम झकास दिसत होता, म्हणून लगेच आजीला दाखवला.

आजीने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ घेतला आणि म्हणाली, “गोंदण कुठं गेलं रं माझं?”

आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. लहानपणी काढलेलं, आता फिकं, हिरवट झालेलं. फोटोत कपाळावर नुसता पुसट डाग होता आणि हनुवटी कोरी. सुरकुत्याही निम्म्या गायब. आजी म्हणाली, “दागिनं हितंच ऱ्हात्यात. संगं येतं ते गोंदण. त्येच पुसलंस व्हय?”

मी काहीच पुसलं नव्हतं. मग पुसलं कोणी?

फोन गुपचूप काय करतो

बटण दाबलं की फोन एक फोटो काढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आजचे बरेच फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतात, त्या एकमेकींवर जुळवतात आणि एकत्र करतात. मग सावल्या उजळ होतात, आवाज कमी होतो (हा कानाचा आवाज नाही, कमी उजेडात फोटोत जे रंगीत दाणे दिसतात त्याला नॉइज म्हणतात), कडा धारदार होतात आणि शेवटी जेपेगसारखी फाइल तयार होते.

त्याच्याही आधीची गंमत ऐका. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची काच असते. सर्वात प्रचलित रचनेत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ सालचं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशोब करून भरावे लागतात. थोडक्यात, रंगीत फोटोत गणित पहिल्या पायरीपासूनच असतं.

आता आजीच्या फोटोचं डीबगिंग करू. उजेड कमी होता, म्हणून फोनने आयएसओ वाढवला. आयएसओ वाढला की नॉइज वाढतो. नॉइज घालवणाऱ्या अल्गोरिदमला बारीक, फिकट खूण आणि नॉइज यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून गोंदण पुसट झालं. त्यावर कळस म्हणजे सेल्फीचा ब्यूटी मोड मी कधीतरी चालू करून विसरलो होतो. उरलंसुरलं त्याने घासून टाकलं. मी एडिट केलं नव्हतं एवढंच खरं होतं. एडिट झालंच नव्हतं, हे खोटं.

मग रॉ म्हणजे खरा फोटो का?

अनेक फोनमध्ये प्रो मोडमध्ये रॉ फाइल मिळते. तिच्यात सेन्सरची मूळ माहिती बरीचशी शिल्लक असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. त्यामुळे नंतर दुरुस्तीला खूप वाव राहतो. पण काही फोनचं रॉसुद्धा अनेक फ्रेम जोडूनच बनतं, आणि रॉ उघडलं की ते फिकं, निस्तेज दिसतं. ते कच्चं पीठ आहे, भाकरी नाही.

‘खरे फोटोग्राफर एडिट करत नाहीत’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नाव, ॲन्सेल ॲडम्स. निसर्गचित्रणातला दादा माणूस. त्यांचा १९४१ सालचा न्यू मेक्सिकोतला चंद्रोदयाचा फोटो जगप्रसिद्ध आहे. नेगेटिव्ह एकच, पण डार्करूममध्ये ते पुढची कित्येक वर्षं त्याच्या वेगवेगळ्या प्रिंट काढत राहिले आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच काळंभोर होत गेलं. तेव्हा एडिट करणं हे पाप नाही. पण कुठली चूक एडिटने सुटते आणि कुठली नाही, हे कळायला हवं. एडिट न केलेले फोटो कुणाला तरी दाखवायचे ते यासाठीच.

मला पडलेला ओरडा

ऑफिसमध्ये एक सीनियर ताई आहे, बरीच वर्षं फोटो काढतेय. तिला मी आजीचा पोर्ट्रेट आणि हरिश्चंद्रगडावरचा कोकणकड्याचा सूर्यास्त असे दोन फोटो पाठवले आणि विचारलं, “कसे आहेत?”

ती म्हणाली, “मस्त. झालं समाधान? आता नीट विचार.”

कोड रिव्ह्यूत कुणी नुसतं ‘एलजीटीएम’ लिहून मोकळं झालं की आपल्याला राग येतो. पण आपण तरी काय पाठवतो? ना संदर्भ, ना प्रश्न. मग मी विचारलं, “आजीच्या चेहऱ्यावरचं गोंदण मला हवं होतं, ते गेलं. नाकही मोठं दिसतंय. चूक कुठे झाली?” यावर तिने २० मिनिटं समजावलं.

पोर्ट्रेटबद्दल पहिला मुद्दा अंतराचा. साधं गणित आहे. नाक आणि कान यांच्यात १२ सेंटिमीटर धरा. फोन नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर, म्हणजे ३० टक्के लांब. म्हणून नाक मोठं आणि कान चिमुकले. तुम्ही दीड मीटर अंतरावर गेलात तर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. म्हणून मागे सरका आणि दोन एक्सची लेन्स वापरा. हे एडिटने नीट सुटत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली खड्डे पडतात. दारात किंवा खिडकीपाशी, बाजूने येणाऱ्या उजेडात माणसाला बसवा. तिसरा फोकसचा, तो जवळच्या डोळ्यावर हवा. हललेला फोटो ॲपमध्ये खऱ्या अर्थाने सुधारत नाही.

कोकणकड्याच्या फोटोवर तिचा एकच प्रश्न होता, “नजर कुठे थांबवू?” समोर नुसतं आकाश आणि धुरकट दरी. कड्यापासून सुरक्षित अंतरावर बसलेला एखादा ट्रेकर फ्रेममध्ये असता, तर त्या कड्याचा आवाका कळला असता. शिवाय सूर्याभोवतीचा भाग पांढराफटक झाला होता. तिथे सेन्सर पूर्ण भरून गेला, आकडा कमाल मर्यादेला चिकटला. जी माहिती नोंदलीच गेली नाही, ती कुठलंही ॲप परत आणत नाही. त्यामुळे सूर्यास्ताला आकाशावर टॅप करून एक्स्पोजर खाली ओढा. धुक्यात मात्र याच्या उलट. मीटर सगळ्या दृश्याची सरासरी करड्या रंगाकडे ओढतो, म्हणून पावसाळ्यातलं पांढरं धुकं मळकट येतं. तिथे एक्स्पोजर थोडं वर घ्या. क्षितिज तिरकं होतं, पण ते ती सोडून म्हणाली, “हे दोन सेकंदात सरळ होतं, यावर माझा वेळ घालवू नकोस.”

तर मंडळी, मत असं मागा

फोटो दोन-तीनच पाठवा, ५० नाही. कुठे, किती वाजता, कशाने काढला ते सांगा. तुम्हाला त्यात काय दाखवायचं होतं ते एका वाक्यात लिहा. फाइल फोनच्या जेपेगची आहे की रॉची, हे खरं खरं सांगा. आणि उत्तर आलं की लगेच “अहो पण तिथे उजेडच नव्हता” असं सुरू करू नका. फोटो बघणाऱ्याला तुमची अडचण दिसत नसते, फक्त फोटो दिसतो.

संक्रांतीला परत गावी गेलो. सकाळी आजीला पडवीत बसवलं, ब्यूटी मोड बंद केला, दीड मीटर मागे सरकलो, आयएसओ कमी ठेवून रॉमध्ये फोटो काढला. नंतर लॅपटॉपवर थोडा उजळला. हो, एडिट केला! पण प्रत्येक सुरकुती जागेवर होती आणि हनुवटीवरचे हिरवे ठिपके मोजता येत होते.

आजीने पुन्हा चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, “जरा काळी दिसतीय. पर मीच हाय.”

माझ्यासाठी रिव्ह्यू पास झाला. आता तुमचा गृहपाठ. आज घरातल्या एका मोठ्या माणसाचा फोटो काढा, ब्यूटी मोड बंद करून. आणि पहिलं मत त्यांनाच विचारा.

भेटू पुढच्या भागात!