नळीची सोयरीक

१९५०च्या दशकात अलास्काच्या कीनाय द्वीपकल्पावर हॅरल्ड जॉन्सन नावाचा एक बंदूक-कारागीर होता. तिथल्या दांडग्या तपकिरी अस्वलांसाठी त्याला पन्नास कॅलिबरची लेव्हर रायफल हवी होती, आणि तिला चालेल अशी गोळी काही मिळत नव्हती. त्याने मग जड मशिनगनची ७२० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ ४७ ग्रॅमची गोळी घेतली, मधोमध कापली आणि तिचा मागचा अर्धा भाग उलटा करून काडतुसात बसवला. नळीचं काम त्याचा साथीदार हॅरल्ड फुलर याने पाहिलं. मशिनगनची नळी त्याने १८८६च्या विंचेस्टरवर चढवली. ‘.५० अलास्कन’ म्हणतात ते काडतूस हेच.

ऐकताना हा सगळा आडदांडपणा वाटतो. पण जॉन्सनने एक गोष्ट फार काळजीने सांभाळली होती. हे काडतूस त्याने विंचेस्टरच्याच ‘.३४८’चं तोंड मोठं करून घडवलं होतं. त्या ‘.३४८’च्या बुडाची कड ०.६१० इंच, आणि १८८६ची रायफल मुळात ज्या ‘.४५-७०’साठी ओळखली जाते त्याची ०.६०८. तोंड कितीही बदललं तरी बूड घरातलंच राहिलं.

लेव्हर रायफलची नळी बदलण्याचं सारं गणित या बुडापाशी सुरू होतं. आपल्याकडे लग्न ठरवताना जसं आधी घराणं बघतात, तशी इथे आधी काडतुसाची कड बघतात. ती जुळली तर पुढची बोलणी करायची.

ही रायफल आपल्याला ठाऊक आहे ती वेस्टर्न सिनेमांतून. घोड्यावरचा नायक चापाभोवतीची कडी खाली ओढतो, वर घेतो आणि पुढचा बार काढतो. त्या एका खाली-वर होण्यात बरंच काही घडतं. बोल्ट मागे सरकतो, एक्स्ट्रॅक्टरची नखी रिकाम्या पुंगळीची कड धरून तिला मागे ओढते, नळीखालच्या नळकांड्यातून नवं काडतूस मागे येतं, एक पाळणा ते उचलून चेंबरसमोर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेसमोर, धरतो, बोल्ट ते आत ढकलतो आणि मागून कुलूप पडतं. म्हणजे काडतुसाला फक्त नळीशी जमवून भागत नाही. बोल्ट, नखी, पाळणा, नळकांडं अशी भरल्या घरातली सगळी माणसं सांभाळावी लागतात. साध्या बोल्ट-ॲक्शन रायफलीला एवढं सासर नसतं.

नळकांड्याची तर आणखी एक खोड आहे. त्यात काडतुसं एकामागे एक आडवी पडलेली असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतल्या आतच बार उडण्याची भीती. म्हणून या रायफलींच्या गोळ्या पिढ्यान्‌पिढ्या चपट्या नाकाच्या राहिल्या. जॉन्सनच्या उलट्या गोळीचं पुढचं तोंडही सपाटच होतं.

घराणं म्हणजे काय ते विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलात उत्तम दिसतं. युटाच्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने ते आखलं. सुरुवातीची काडतुसं दोन, ‘.३२-४०’ आणि ‘.३८-५५’, दोन्ही काळ्या दारूची. नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा दारूच्या वजनाचा. पुढच्याच वर्षी, १८९५ साली, कंपनीने बिनधुराच्या दारूचं ‘.३०-३०’ आणलं. ते ‘.३८-५५’च्याच पुंगळीची मान आवळून केलेलं, त्यामुळे कड तीच, ०.५०६ इंच. पोलाद मात्र बदलावं लागलं. नव्या दारूचा ताप आणि दाब सोसायला नळ्या निकेलमिश्रित पोलादाच्या केल्या. रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि कुलूप ज्यात बसतं ती पोलादी पेटी, होती त्याच घडणीची राहिली. थोडक्यात, कॅलिबर बदलण्याचा हा उद्योग गल्लीतल्या कारागिरांच्या आधी खुद्द कारखान्याने केला. ‘.२५-३५’ आणि ‘.३२ स्पेशल’ याच कुळातली, १९७८चं ‘.३७५ विंचेस्टर’सुद्धा. या मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली निघाल्या, त्यामागे या एका कडेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

माझं आवडतं उदाहरण मात्र धाकट्या १८९२चं. त्या काळी खिशातल्या पिस्तुलाला आणि खोगिराच्या रायफलीला एकच काडतूस असण्याची मोठी सोय होती. कोल्टचं रिव्हॉल्व्हर आणि विंचेस्टर दोन्ही ‘.४४-४०’वर चालत. १९३५ साली ‘.३५७ मॅग्नम’ रिव्हॉल्व्हर आलं आणि लोकांना त्याच्या जोडीची रायफल हवीशी झाली. कारखान्याकडून ती येईना. तेव्हा १८९२च्या ‘.३२-२०’ रायफलीवर कारागिरांची नजर गेली. हे काडतूस १८८२चं, कोल्ह्या-सशांच्या शिकारीचं, मवाळ. पण त्याची पूर्ण लांबी १.५९ इंच आणि ‘.३५७’चीही १.५९! पन्नास वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांची उंची तंतोतंत जुळावी, हा योगायोगच. कड तेवढी थोडी मोठी, ०.४०८च्या जागी ०.४४०, म्हणजे बोल्टचं तोंड रुंदावणं आणि नखी घासून बसवणं आलं. नव्या काडतुसाचा दाब जुन्याच्या दुपटीइतका, तरी चांगल्या स्थितीतल्या रायफलींनी तो सोसला, कारण ब्राउनिंगने बोल्टच्या दोन्ही अंगांना उभी कुलपं दिली होती. आज ब्राझीलची रॉसी याच घडणीची रायफल थेट ‘.३५७’मध्ये विकते.

काही स्थळं मात्र दिसायला देखणी आणि आतून बेबनावाची. मार्लिनचं ३३६ मॉडेल ‘.३०-३०’मध्ये निघालं आणि ‘.३५ रेमिंग्टन’मध्येही. दोन्ही शेजारी ठेवली तर बाहेरून ओळखू येऊ नयेत. पण ‘.३५’ला बाहेर आलेली कडच नाही आणि बूडही ‘.३०-३०’च्या कडेहून अरुंद. नुसती नळी बदलून हा संसार होत नाही, बोल्टही दुसरा लागतो.

आता प्रत्यक्ष काम. नळी रिसीव्हरमध्ये आट्यांवर बसते, आणि शंभर वर्षं बसून राहिलेली नळी सहजी सुटत नाही. ती शिकंज्यात आवळून, रिसीव्हरला त्याच्या मापाचा पाना लावून हिसका देतात. पाना मापाचा नसेल तर रिसीव्हरच पिळवटतो आणि रायफल भंगारात जाते. नवी नळी चढवताना खरी कसोटी. पाण्याच्या नळाची तोटी जरा तिरकी बसली तर चालतं. इथे नळी पूर्ण आवळली जाताना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, बरोबर माथ्यावर यायला हवी. एक्स्ट्रॅक्टरची खाच, नळकांड्याची पट्टी, सगळं त्याच एका स्थितीशी बांधलेलं. माशी अलीकडेच थांबली तर कारागीर नळी पुन्हा लेथवर घेतो, खांद्यावरून केसभर धातू उतरवतो आणि पुन्हा चढवून पाहतो. त्यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर. त्यासाठी दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. दोघांत फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा.

नळी न बदलताही कॅलिबर बदलता येतं. झिजलेल्या ‘.३०-३०’च्या नळीचं भोक मोठं करून, आतले पेच नव्याने पाडून तिची ‘.३८-५५’ करतात. बाहेरून रायफल आजोबांच्या वेळची ती तशीच. धोकाही नेमका तिथेच असतो.

अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार बंदूक म्हणजे रिसीव्हर, नंबर त्याच्यावर. नळी हा सुटा भाग, टपालानेही येतो. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही ‘शस्त्रा’च्या व्याख्येत बसतात आणि नळी नुसती आखूड करायलाही परवाना लागतो. अमेरिकेत नळी अशी सुटी मिळत असल्याने एकाच रिसीव्हरवर तीन पिढ्यांत तीन नळ्या झालेल्या असू शकतात, आणि नव्या कॅलिबरचा शिक्का मारायचं दर वेळी कोणाच्या लक्षात राहिलं असेलच असं नाही. म्हणून जुनी लेव्हर रायफल दुरुस्तीला आली की जाणता कारागीर नळीवरच्या आकड्यावर विसंबत नाही. उकळत्या पाण्याहूनही कमी तापमानाला वितळणारा एक मिश्रधातू तो चेंबरमध्ये ओततो, थंड झालेला ठसा बाहेर काढतो आणि मापतो. ते माप येईपर्यंत रायफलीत काडतूस घालायचं नाही.