ओरड होती, नाव नव्हते

एखाद्या अन्यायाला नाव नसले की तो अन्याय म्हणून दिसतच नाही. तो योगायोग वाटतो. कथा, कादंबरी आणि चित्रपट यांच्या बाबतीतही हे खरे आहे. अमेरिकेतील काळ्या समाजाने गोष्ट सांगण्याच्या एका रूढीला नाव कसे दिले, हे आपण म्हणूनच नीट पाहिले पाहिजे.

१९५८ साली 'द डिफायंट वन्स' हा चित्रपट आला. एकाच साखळीने जखडलेले दोन कैदी, एक गोरा आणि एक काळा, पळून जातात. शेवटी साखळी तुटलेली असते. सिडनी पॉइटिये यांनी रंगविलेला काळा कैदी धावत्या मालगाडीवर चढतो. गोऱ्याला चढणे जमत नाही. त्याला हात देता देता काळाही गाडीबाहेर येतो आणि दोघेही पकडले जातात. गोऱ्या उदारमतवादी प्रेक्षकांना हा त्याग फार भावला. जेम्स बाल्डविन यांनी १९७६ च्या 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' या पुस्तकात मात्र वेगळीच नोंद केली आहे. हार्लेममधील काळे प्रेक्षक या दृश्याला चिडले आणि परत गाडीवर चढ म्हणून पडद्याकडे पाहून ओरडले.

ओरड होती, पण नाव नव्हते. ओरड चित्रपटगृहाबाहेर पडली की विरते. नाव टिकते.

पुढे 'द ग्रीन माइल' (१९९९) आला. त्यातील जॉन कॉफी हा काळा माणूस न केलेल्या खुनांसाठी फाशीच्या कोठडीत आहे. त्याच्या हातात दैवी शक्ती आहे. तिने तो गोऱ्या पहारेकऱ्याचे दुखणे आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या पत्नीचा मेंदूतील गाठीचा आजार बरा करतो. स्वतःला मात्र वाचवीत नाही. 'द लेजंड ऑफ बॅगर व्हॅन्स' (२०००) मध्ये एक काळा माणूस कुठूनसा येतो, खचलेल्या गोऱ्या खेळाडूचा गोल्फचा फटका सुधारतो आणि निघून जातो. २००१ साली दिग्दर्शक स्पाइक ली यांनी येल विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे या चित्रपटांवर कडाडून टीका केली. ज्या काळात आणि ज्या जॉर्जिया राज्यात काळ्यांना झाडाला टांगले जात होते, तिथला हा काळा माणूस गोऱ्याच्या गोल्फची काळजी वाहतो, हा त्यांचा आक्षेप होता. अशा पात्राला त्यांनी उपरोधाने 'मॅजिकल नीग्रो', म्हणजे जादूचा नीग्रो, म्हटले. काळ्या समाजाने टाकून दिलेला शब्द त्यांनी मुद्दाम उचलला. वेष नवा असला तरी आत जुना गुलामच आहे, हे त्या एका शब्दाने उघड केले.

परंतु एकाने उच्चारल्याने नाव रुजत नाही. ते इतरांनी पारखून घ्यावे लागते. २००४ साली लेखिका नेडी ओकोराफोर यांनी स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांतील अशा पात्रांची लक्षणे मांडली: गोष्ट गोऱ्यांची, या पात्राला गोऱ्याला मदत करण्यापलीकडे काम नाही, मदत झाली की ते मरते वा नाहीसे होते, समाजात त्याचे स्थान खालचे, पण शहाणपण आणि जादू मात्र अफाट. लक्षणे ठरली आणि कुणालाही पडताळा घेता येऊ लागला. सुटा सुटा 'चांगला माणूस' एकदम रांगेत उभा दिसू लागला. २०२४ साली तर या नावावर बेतलेला उपहासात्मक चित्रपटही निघाला.

हे सारे आपल्याला कशाला हवे? गेल्या वर्षी मी वर्गात बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) विषयी बोलत होतो. अस्पृश्य मुलगी ब्राह्मण घरात वाढते. जिने तिला मनापासून मुलगी मानले नाही, त्या आईला ती रक्त देते आणि मग आईचे मन पालटते. मी स्वतः हा चित्रपट डोळे पुसत पाहिला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तिचं रक्त जुळलंच नसतं तर?"

मला उत्तर देता आले नाही. 'अछूत कन्या' (१९३६) मधील कस्तुरीही रुळांवर झुंजणारे दोन पुरुष वाचावेत म्हणून आगगाडीखाली जाते. जातीचा दाखला कचेरीत मिळतो. माणूसपणाचा दाखला मात्र आपल्या पात्रांनी रक्त देऊन नाही तर जीव देऊन मिळवायचा. त्या तासाला मुलांनी या रूढीला 'दाखल्याची गोष्ट' असे नाव दिले.

हे नाव टिकेल की नाही, ते वाचकांनी ठरवावे. पण त्याची काठी करून प्रत्येक प्रेमळ दलित पात्राला झोडपू नये. एवढेच विचारावे: या पात्राला स्वतःचे घर, स्वतःची इच्छा, स्वतःचा राग आहे काय? उपकार वजा केला तर मागे माणूस उरतो काय? माणूस उरत नसेल, तर लेखकाने आपल्याला गोष्टीत घेतलेले नाही, फक्त वापरलेले आहे. आणि ज्याला वापरले गेले, नाव ठेवण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.