तहान सोसवेना, ओल सोसवेना

कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेत एका रोपावर कलम काही केल्या धरेना. रोप तोडायचं राहिलं आणि त्यातून काळपट, खडबडीत सालीचा ‘हास’ अ‍ॅव्होकाडो जगाला मिळाला. १९३५मध्ये त्याचं पेटंट झालं. आज जगाच्या बाजारातला बहुतेक अ‍ॅव्होकाडो त्याच झाडाच्या कलमांचा. ते मूळ झाड २००२ साली मेलं, मूळकूज होऊन.

अ‍ॅव्होकाडो मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ जंगलांतला. जमीन भुसभुशीत, वर पालापाचोळ्याची जाड गादी. पाणी पडतं, झिरपून जातं, पाचोळ्याखाली ओल मात्र राहते. अशा ठिकाणी खोल जायची गरजच काय? पाणी शोषणारी त्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीत असतात आणि त्यांना केशमुळं जवळपास नसतातच. निरोगी बागेत पाचोळा हाताने सारला, तर पांढुरकी कोवळी मुळं तिथेच वर आलेली दिसतात. खोलवरच्या ओलीवर उन्हाळा काढणं आंब्याला जमतं, याला नाही.

मग पाणी भरपूर द्यावं? तिथेच घात होतो. साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात आणि फायटोफ्थोरा सिनामोमी या बुरशीसारख्या जीवाचं फावतं. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. मुळं काळी पडतात, बोटांत धरली की मोडतात. वर पानं मलूल होतात. माळ्याला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी पाणी सोडतो. पायाशी चिखल असताना झाड तहानेनं मरतं. म्हणून पाणी देण्याआधी पानं बघण्यापेक्षा माती उकरून मुठीत दाबून बघावी. खारं पाणीही त्याला चालत नाही. क्लोराईड वाढलं की पानांची टोकं करपतात.

एक किलो अ‍ॅव्होकाडोला सरासरी २,००० लिटर पाणी लागतं, हा आकडा सगळीकडे फिरतो. पण त्याच हिशेबात आंबाही १,८००च्या आसपास येतो आणि त्यात पावसाचं पाणीही धरलेलं असतं. माझ्या मते पाणी किती यापेक्षा ते कुठलं, हा प्रश्न मोठा आहे. मेक्सिकोच्या मिचोआकानमध्ये अनेक बागा पावसावर उभ्या आहेत. चिलीतल्या पेतोर्काचं मात्र तसं नाही.

सँतियागोच्या उत्तरेच्या या कोरड्या खोऱ्यात ठिबकच्या जोरावर उघड्या डोंगरउतारांवर अ‍ॅव्होकाडो चढला. १९८१च्या कायद्याने चिलीत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा झाला, विकता-विकत घेता येऊ लागला. १९९७मध्ये पेतोर्का नदीतलं पाणी पुरतं वाटून संपल्याचं सरकारनेच जाहीर केलं. तरी विहिरी खोल जात राहिल्या. २०१०नंतर दुष्काळ लांबला. नदीचं पात्र उघडं पडलं, गावांत टँकर फिरू लागले आणि वर डोंगर हिरवेच राहिले. उसाच्या फडाशेजारून टँकर जाताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. या पाण्यासाठी लढलेले रोद्रिगो मुंदाका २०२१मध्ये वालपाराइसो विभागाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

आपल्याकडेही आता अ‍ॅव्होकाडोची रोपं विचारली जाऊ लागली आहेत. ठिबकने पाणी मोजून देता येईल, आच्छादनाने ओल टिकवता येईल; पण भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचं काय? रोपांवर पैसे घालण्याआधी शेतात दोन फुटांचा खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं, तर त्या जमिनीत हे झाड लावू नका.