पस्तिसाचा आकडा आणि त्याची मर्यादा

अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या स्त्रीच्या घरी औषधांच्या लांबलचक नावांचा परिचय व्हायच्या आधीच एका आकड्याचा परिचय सर्वांना होऊन जातो. सीए-१२५ नावाच्या रक्ततपासणीचा तो आकडा. अहवालात त्याच्या शेजारी ‘० ते ३५’ अशी मर्यादा छापलेली असते, आणि तिच्याबाहेर गेलेला अंक ठळक ठशात उमटून सगळ्या घराची झोप उडवतो. पस्तिसाच्या वर म्हणजे रोग आहे आणि पस्तिसाच्या आत म्हणजे रोग गेला, असा सरळ हिशेब आप्तेष्टांनी मनाशी मांडलेला असतो, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो दुरुस्त करून द्यायला डॉक्टरांना सवड सापडत नाही. हा हिशेब दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. परंतु तो सर्वस्वी निराधार नाही, आणि म्हणूनच इतका चिवट आहे.

प्रथम हा पस्तिसाचा आकडा आला कोठून ते पाहिले पाहिजे. १९८१ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट बास्ट, डॉ. रॉबर्ट नॅप आणि त्यांचे सहकारी यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवरील एका द्रव्याला अचूक जाऊन चिकटणारे प्रतिपिंड तयार केले. १९८३ साली त्याच्या साह्याने रक्तातील त्या द्रव्याचे मोजमाप करण्याची रीत त्यांनी प्रसिद्ध केली. ८८८ निरोगी माणसांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे एक टक्का लोकांतच हे प्रमाण दर मिलिलिटरला ३५ युनिटांहून अधिक आढळले. उलट अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ स्त्रियांपैकी ८३ जणींमध्ये ते या मर्यादेच्या वर होते. सोयीची म्हणून ३५ वर रेघ ओढली गेली, आणि ती आजतागायत कायम आहे. निरोगी समूह आणि रोगी समूह यांना स्थूलमानाने वेगळे करण्यासाठी गणिताने आखलेली ही हद्द आहे. तिच्या अलीकडे आरोग्य आणि पलीकडे व्याधी अशी निसर्गाची काही वाटणी नाही. ज्या स्त्रीची अंडाशये आणि गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेली आहेत, तिचा आकडा उपचारानंतर कित्येकदा दहाच्याही खाली स्थिरावतो. अशा स्त्रीच्या बाबतीत आठ, चौदा, तेवीस अशी लागोपाठ चढण दिसली, तर अहवालावर एकही अंक ठळक छापलेला नसतानासुद्धा तज्ज्ञ डॉक्टर सावध होतात.

दुसरा आणि अधिक खोल रुजलेला गैरसमज असा की, हे द्रव्य केवळ कर्करोगच निर्माण करतो. वास्तविक ते एक अवाढव्य प्रथिन आहे. म्यूक-१६ या नावाने त्याची जनुकीय ओळख २००१ साली पटली. उदरावरण, फुप्फुसांवरील आवरण, हृदयावरण, गर्भाशयाचे अस्तर अशा शरीरातील अनेक निरोगी पापुद्र्यांत ते स्वभावतःच असते. यांपैकी कोणताही पापुद्रा सुजला, ताणला गेला किंवा त्याच्यालगत पाणी साठले, की रक्तातील प्रमाण वाढते. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत, एंडोमेट्रिऑसिस आणि गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी यांमुळे, यकृताच्या सिरॉसिसमध्ये, हृदय दुर्बल होऊन अंगात पाणी साठते तेव्हा, इतकेच काय, पोटावरील शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे, हा आकडा चढलेला राहू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रिया होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच केलेल्या तपासणीतला चढता अंक पाहून हवालदिल होण्याचे कारण नसते.

आपल्या देशापुरते बोलायचे तर या यादीत उदरावरणाच्या क्षयाला वेगळे स्थान दिले पाहिजे. पोट हळूहळू फुगते, भूक मंदावते, वजन उतरते, सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयाशेजारी घट्ट झालेले ऊतक दिसते, आणि सीए-१२५ पाहावे तर कित्येक शेकड्यांत. हे सारे चित्र पसरलेल्या कर्करोगाशी इतके हुबेहूब जुळते, की कर्करोगाच्या शंकेने पोट उघडावे आणि आत क्षयाच्या बारीक पुळ्या पसरलेल्या दिसाव्यात, असे प्रसंग भारतातील शल्यवैद्यांना नवे नाहीत. तो रोग गोळ्यांनी बरा होण्यासारखा असतो. पाच-सातशे हा आकडा वाचून ज्यांनी मनातल्या मनात घराची निरवानिरव चालवली, त्यांना ही गोष्ट वेळीच ठाऊक असती तर किती यातना वाचल्या असत्या! निदानाचा फैसला ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. रक्तातला आकडा हा फार तर एक साक्षीदार, आणि एकट्या साक्षीदाराच्या जबानीवर शिक्षा फर्मावायची नसते.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळू. कारण या तपासणीचा खरा उपयोग तेथेच आहे. केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी एकदा आणि नंतर बहुधा दर सायकलच्या वेळी रक्त घेतले जाते. रक्तातील हे द्रव्य साधारणतः आठवड्याभरात निम्मे होते. म्हणून कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची मात्रा लागू पडत असेल, तर आकडा सायकलगणिक उतरत जाताना दिसतो. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार, मूळ आकडा मर्यादेच्या किमान दुप्पट असेल आणि तो निम्म्यावर येऊन निदान २८ दिवस तसाच टिकेल, तर रोग औषधाला प्रतिसाद देतो आहे असे धरतात. अलीकडे आकड्याच्या उंचीपेक्षा त्याच्या घसरणीच्या वेगाला महत्त्व येऊ लागले आहे; केमोथेरपीच्या पहिल्या शंभर दिवसांतील किमान तीन नोंदींवरून हा वेग काढण्याची ‘केलिम’ नावाची पद्धत प्रचारात येत आहे. मात्र पहिल्या सायकलनंतर आकडा क्षणिक वर जाऊन मग उतरू लागतो, असेही घडते. तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे मानून उपचार बदलण्याचा हट्ट धरणे अनुचित होय.

केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ‘तुमचा किती?’ असे विचारण्याची जी रीत पडून गेली आहे, तिच्यामागे जिव्हाळा असतो हे मान्य. पण त्या तुलनेला वैद्यकीय अर्थ जवळजवळ नाही. एकीचा आकडा चार हजार आणि दुसरीचा चारशे असला, म्हणून पहिलीचा रोग दसपट भयंकर ठरत नाही. गाठीच्या पेशी हे द्रव्य किती सोडतात आणि पोटात पाणी किती साठले आहे, यांवर तो आकडा मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. प्रत्येक स्त्रीने स्वतःची तुलना स्वतःच्याच मागच्या नोंदींशी करावी. तीही शक्यतो एकाच लॅबच्या नोंदींशी. कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे निरनिराळे येऊ शकतात, आणि दोन लॅबच्या अहवालांतील फरक हा रोगातला फरक असेलच असे नाही. बारावरून पंधरावर जाणे हे तर मोजमापाच्या नित्याच्या चढउतारातच बसते. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. मात्र केसांसाठी म्हणून बायोटिनच्या जादा मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तसे लॅबमध्ये सांगावे, कारण काही यंत्रांच्या मोजणीत त्या घोटाळा करतात.

आकडा पस्तिसाच्या आत आला म्हणजे रोग निःशेष झाला, ही समजूत सर्वांत सुखद आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. पूर्वी उपचार संपल्यावर पोट पुन्हा उघडून पाहण्याची प्रथा होती. तेव्हा आकडा पूर्ववत झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींच्या पोटात रोगाचे अवशेष सापडत. शिवाय सुमारे एक पंचमांश रुग्णांच्या गाठी हे द्रव्य लक्षणीय प्रमाणात सोडतच नाहीत, आणि पहिल्या टप्प्यातील रोगात तर निम्म्याच स्त्रियांत आकडा वाढलेला आढळतो. म्यूसिनस प्रकारच्या गाठींत सीईए आणि सीए १९-९ यांकडे पाहतात. तरुण मुलींत आढळणाऱ्या जननपेशींच्या गाठींत एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच, तर ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठींत इनहिबिन मोजतात. आपल्या गाठीचा प्रकार कोणता आणि तिचा मागोवा कोणत्या द्रव्यावरून घ्यायचा, हे रुग्णाने पॅथॉलॉजीच्या अहवालासह विचारून घ्यावे. तसे विचारण्यात अविनय काहीच नाही.

उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी हा आकडा पाहत राहावे का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. लक्षणे दिसू लागण्यापूर्वी सरासरी चार महिने आधी आकडा चढू लागतो. तेव्हा जितके लवकर कळेल तितके बरे, असा कौल सामान्य बुद्धी देते. ब्रिटन आणि युरोपातील वैद्यांनी हाच कौल कसोटीला लावला. १४४२ स्त्रियांची दर तीन महिन्यांनी तपासणी होत असे, पण निकाल त्यांना वा त्यांच्या डॉक्टरांना कळवला जात नसे. आकडा मर्यादेच्या दुपटीवर गेलेल्या ५२९ जणींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला ते सांगून ताबडतोब केमोथेरपी देण्यात आली, दुसऱ्या गटातील उपचार लक्षणे प्रकट होईपर्यंत तहकूब राहिले. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्या गटाची दुसरी केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झालेली असूनही दोन्ही गटांतील आयुर्मानात फरक आढळला नाही. उलट पहिल्या गटाचे सुखाचे दिवस मात्र लवकर संपले. हा निष्कर्ष पचवणे कठीण आहे, आणि त्यानंतर चित्र काहीसे पालटलेही आहे: पहिल्या उपचारानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ रोगमुक्त राहिलेल्या आणि पुन्हा शस्त्रक्रियेने गाठी पूर्ण निघू शकतील अशा निवडक स्त्रियांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ होतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले, आणि त्या दृष्टीने रोगाची परती वेळीच कळणे उपयोगाचे ठरू शकते. माझे मत असे की, नियमित तपासणी करावी की करू नये याचा निर्णय त्या स्त्रीनेच, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून, घ्यावा. दर तारखेआधी पंधरा दिवस जिला अन्न गोड लागत नाही, तिने तपासणी नाकारली तर तिला अविचारी म्हणण्याचा अधिकार घरातल्या कोणालाही नाही. आकडा चढला तरी एकाच नोंदीवर काही ठरत नाही. आठवड्याहून अधिक अंतराने फेरतपासणी करून, आणि सीटी स्कॅन व प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी ताडूनच पुढचे पाऊल टाकतात.

रुग्णाच्या बहिणी आणि मुली ‘आमचीही एकदा करून टाका’ म्हणतात, आणि आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत हा आकडा बिनदिक्कत घातलेला असतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीचा निकाल २०२१ साली लागला. लक्षणे नसलेल्या स्त्रियांची अशी नियमित तपासणी करून या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. नात्यात अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग असेल, तर त्या पैशांत जनुकीय सल्ला घेऊन बीआरसीए तपासणीविषयी विचारणे अधिक शहाणपणाचे.

रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना इतकेच विचारावे, की आकडा चढला तर आपण काय कराल आणि उतरला तर काय कराल. दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर ती तपासणी त्या दिवशी नाही केली तरी चालेल. तारीख आणि लॅबचे नाव घातलेले सर्व अहवाल एका फाइलमध्ये क्रमवार ठेवावेत. आणि पोटाचा घेर वाढू लागला, दोन घासांत पोट भरू लागले किंवा लघवीला वारंवार जावे लागू लागले, तर मागचा आकडा पस्तिसाच्या आत होता या भरवशावर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.